पाणी लांब होतं

जनीने साईराजचा उजवा पाय मांडीवर ओढला आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल काडीने काढायला घेतला. चिखल वाळून राखाडी झाला होता. पोर पाय मागे घेत होतं, हसत होतं, पण नजर बापाच्या मोबाइलवरून हलत नव्हती.

अक्षय पायरीवर बसला होता. मोबाइलमध्ये गॉगल लावलेली एक बाई कुठल्याशा बेटाच्या किनाऱ्यावर उभी राहून सांगत होती, लहान मुलांना घेऊन जाताना बीच कसा निवडावा. उतार कमी हवा. लाटा लहान हव्यात. सावली हवी, गोडं पाणी हवं. तिच्या पाठीमागे समुद्र रंगवल्यासारखा निळा होता.

"आय, त्यांचा दर्या निळा हाय," साईराज म्हणाला.

तो जनीला आय म्हणतो. जनी त्याची आजी. त्याची आई, म्हणजे जनीची नमिता, तो रांगत होता तेव्हा काविळीने गेली. तेव्हापासून तो आणि त्याची मोठी बहीण सरू इथेच आहेत, डोलवीच्या पलीकडे, खाडीकाठच्या घरात. अक्षय कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. राहतो रोह्याला, सुट्टीला इकडे येतो.

"मामी, तुम्ही सांगा," अक्षय सासूला म्हणाला. "पोरांना कुठं न्यायचं? तुम्हाला पाण्याचं कळतं."

"पोरांना का तिला?"

अक्षयने मोबाइल बंद केला. "तीपण येणार. तेच तर ठरलंय."

ठरलं होतं खरं. प्रणिता मूळची कोलाडची, रोह्यात मेडिकलच्या दुकानात काम करणारी. तिच्याशी अक्षयला लग्न करायचं होतं. बैठकीत जनूने, म्हणजे जनीच्या नवऱ्याने, चार माणसांत सांगून टाकलं होतं : पोरांनी तिला मानली तर खुशाल रोह्याला न्या. नाय मानली तर पोरं इथंच राहतील. अक्षयने मान हलवली होती. जनीला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

आता विचारत होते. बीच कुठला?

तिने दुसरा पाय मांडीवर घेतला.


काशीद

"नको. उतार हाय. पोरगं ढोपरभर पान्यात उभं असतं, एक पाऊल टाकलं का गळ्याला."


नागाव

"तिथं मानसांना केळ्यावर बसवून पान्यात वढत नेतात."

"मामी, ते रबरी असतं. मज्जा असते."

"माझी पोरं केळ्यावर बसनार नाय."

सरू म्हणाली, "मी बसेन."

"तू गप ऱ्हा गो."


किहीम

खडक. पाय कापतात.


मुरूड

लांब. साईराज गाडीत ओकतो.


परत एकदा काशीद

पुढच्या सुट्टीला अक्षय आला तो फोटो घेऊनच. काशीदला एका बाजूला उतार नाही म्हणे. जनीने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि परत दिला.

"फोटोत पानी हलत नाय," ती म्हणाली.

"मामी, मग दर्या तरी कुठला राहिला?"

"गोव्याला इचार," अंगणातून जनू म्हणाला. तो जुन्या फावड्याला नवा दांडा बसवत होता. मिठागर बंद पडून वर्षं झाली, तरी तो फावडं तयार ठेवत असे.

अक्षय हसला नाही. दिवाळी होऊन गेली होती. प्रत्येक नकाराला जनीला पोरं आणखी एका सुट्टीपुरती मिळत होती, आणि हे त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं. तो उठला, चपला घातल्या, आणि पाठमोराच म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर मी ठरवतो. रविवारी वरसोलीला जाऊ."

जनीने भाताचं पातेलं खाली उतरवलं. हात पदराला पुसले.

"आक्षीला जावा," ती म्हणाली.

अक्षय वळला.

"सपाट हाय. सुरूची सावली हाय. लाटा पन बारीक. पन रविवारी नको, चौदसेला जावा, पुनवेच्या आदल्या दिवशी. दुपारचं निघा, उन्हं कलली का पोचा. पोरांना ऊन लागनार नाय."

"सुट्टी मागून घेतो," अक्षय म्हणाला. त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला की जनीने तिकडे बघायचं टाळलं. "मामी, तुम्हीपण चला. तुम्ही असलात की पोरं बुजणार नाहीत."

अंगणात दांडा ठोकण्याचा आवाज थांबला होता.


आक्षी, फक्त बोलण्यात

"चौदसेला सांजचं पानी कुठं असतं?"

"मला काय इचारता? मी काय होडीवरचा तांडेल हाय?"

"दुपारी भरतं आनि सांजेला पार आत जातं. वर्सातली मोठी सुकती. हाकेच्या बाहेर."

"असंल."

"पोरं दर्या बघायला चालल्यात गो."

"बघतील ना. लांबून."

"ती बिचारी नवे कपडे घालून येईल."

"येऊं दे."

"जने."

"दिवा घालवा. डास येतात."


आक्षी, वाटेवर

अक्षयने मित्राची गाडी आणली होती. प्रणिता पुढे बसली होती. फिकट पिवळा ड्रेस, पांढऱ्या सँडल, केसांत एकच चाप. वडखळला जनी पोरांना घेऊन मागे चढली तेव्हा प्रणिता उतरून पाया पडायला वाकली, पण गाड्या मागून हॉर्न देत होत्या, त्यामुळे ते अर्धवटच राहिलं.

तिने वेफर्सचं पाकीट मागे केलं. सरूने आधी जनीकडे पाहिलं.

"आमी नाय खात," सरू म्हणाली. ती रोज खाते.

"साईराजला गाडी लागते ना? माझ्याकडे गोळी आहे, लहान मुलांची. अर्धीच द्यायची."

"असली औषधं आमी देत नाय," जनी म्हणाली.

पोयनाडच्या पुढे साईराज जनीच्या मांडीवर ओकला. प्रणिताने पाण्याची बाटली आणि रुमाल मागे दिला. जनीने बाटली घेतली, रुमाल घेतला नाही. पदराने पुसलं.

गाडी पुढे निघाली. मग प्रणिताने विचारलं, "सरू, तुला शाळेत काय आवडतं?"

"सुट्टी," सरू म्हणाली.

अक्षय एकटाच हसला.


आक्षी

सुरूच्या बनातून बाहेर आले आणि साईराज धावत सुटला. थोडं जाऊन थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

समोर ओली काळपट वाळू होती. तिच्यापुढे आणखी वाळू. उजव्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी, चिखल चमकत होता. होड्या एका कुशीवर कलून पडल्या होत्या. पाणी म्हणून जे होतं ते आभाळाच्या खाली ओढलेली एक पांढरी रेघ.

"दर्या कुठाय?" साईराजने विचारलं.

तो परत धावत बापाकडे आला.

"पप्पा, दर्या कुठाय?"

"आहे ना. तो काय. लांब गेलाय जरा." अक्षयने डोळ्यांवर हात धरला. "येईल परत."

"कधी?"

अक्षयने जनीकडे पाहिलं. जनी सुरूखालच्या बाकावर टेकली होती, चपला शेजारी जोडून.

"रात करील," ती म्हणाली.

साईराजने भोकाड पसरलं. सरू पाय आपटत म्हणाली की यापेक्षा घरीच बरं होतं, घरी निदान खाडी तरी असते. अक्षय आईस्क्रीम देतो म्हणाला. आईस्क्रीमवाला नव्हता. घोडा दाखवतो म्हणाला. घोडाही नव्हता. प्रणिता साईराजजवळ वाकली तर तो तिचा हात झटकून जनीच्या दिशेने रडत आला. जनीने दोन्ही हात पुढे केले. बरोबर असंच व्हायला हवं होतं. तिने त्याचं नाक पुसलं, पाठीवरून हात फिरवला, आणि प्रणिताकडे पाहिलं. ती वाळूत एकटीच उभी होती, सँडलच्या पट्ट्यांशी चाळा करत.

"चला मग," जनी म्हणाली. "अंधाराच्या आत घरी."

सरू तिथे नव्हती.

ती उजवीकडे गेली होती, चिखलात. उकिडवी बसून दोन्ही हातांनी चिखल ओढत होती. एक बांध. त्याला काटकोनात दुसरा. टाचेने दाबून, तळव्याने लिंपून. पोरं घरी रोज दुपारी खाडीच्या चिखलात हाच खेळ खेळत, आगर-आगर. चौकोनी वाफे करायचे, एका कोपऱ्यात तोंड ठेवायचं, त्यातून पाणी घ्यायचं, तोंड बुजवायचं आणि मीठ धरायची वाट बघायची. मीठ कधीच धरत नसे. खेळ जनीनेच शिकवला होता, नमिता गेल्यावरच्या उन्हाळ्यात, पोरं रडायची थांबावीत म्हणून.

साईराज जनीच्या हातांतून सुटला.

रडणं तोंडातच राहून गेलं. तो धावला, चड्डीसकट चिखलात बसला आणि दुसऱ्या वाफ्याला लागला. पोरांना पाणी काय, कुठेही दिसलं असतं. एवढा चिखल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. घरचा खाडीकाठ दोन घरांच्या मधला. हा थेट आभाळापर्यंत.

जनी उभी राहिली. परत बसली.

प्रणिता त्यांच्याजवळ गेली होती. बोलणं वाऱ्यावर तुकड्यातुकड्याने येत होतं.

"हे काय करताय?"

"आगर."

"मी करू?"

"पाय देव नको! बांध फुटंल!" सरू खेकसली. तोच सूर, तीच मान वर झटकणं. जनीला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

प्रणिताने सँडल काढल्या. ओढणी कमरेला बांधली, पिवळा ड्रेस गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि ती चिखलात उतरली. तिने एक बांध घातला. कोलाडची, भातशेतीतली मुलगी. तिने तो भाताच्या बांधासारखा घातला, उंच आणि भुसभुशीत, आणि मधोमध पाणी जायला वाट ठेवली.

पोरं एकमेकांकडे बघून हसत सुटली.

"हिला कायच येत नाय!" साईराज आनंदाने ओरडला. "ए, असा नाय. टाच मार. टाच!"

त्याने तिचा पाय धरला, दोन्ही हातांनी, आणि टाच जिथे हवी तिथे ठेवली. ती हसली. तोल जाऊन मागे बसली, थेट चिखलात. पोरांना एवढं हसू आलेलं जनीने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. घरी तिला सगळं येत असे. तिला काही शिकवायची पोरांवर वेळच आली नव्हती.

अक्षय बाकावर येऊन बसला. पोरांकडे बघत होता. "मामी, बघा," तो म्हणाला.

वाफे झाले. सरू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पानी पायजे," ती म्हणाली.

"बाटलीतलं आणू?" प्रणिताने विचारलं.

"गोडं नाय चालत! गोड्याचं मीठ व्हतं काय?" सरूने कपाळावर हात मारला. "खारं पायजे. दर्याचं."

प्रणिताने त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. मग बाटलीतलं पाणी ओतून टाकलं, हात झटकले, आणि चालायला लागली. सरू तिच्या डावीकडून धावली. साईराज मागे पडला, ओरडला, प्रणिता थांबली. त्याने पुढे जाऊन तिचं बोट धरलं.

पाणी लांब होतं. तिघं चालत राहिली. आधी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, मग फक्त हसणं, मग तेही नाही. पिवळा रंग बराच वेळ ओळखू येत होता. नंतर उरले तीन ठिपके. त्यांत मधला कोण, कडेचा कोण, ते बाकावरून कळत नव्हतं. जनीने हाक मारायला तोंड उघडलं, पण तिथवर हाक पोचणार नाही हे तिला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.


घर

परतीच्या वाटेवर पोरं पुढच्या सीटवर होती, प्रणिताच्या अंगावर झोपलेली. वडखळच्या अलीकडे ती मागे वळून हळू आवाजात म्हणाली, "आजी, बरं झालं तुम्ही ही वेळ सांगितलीत. मला पोहता येत नाही. पाणी जवळ असतं ना, तर माझा जीव नुसता टांगणीला लागला असता."

जनी खिडकीतून बाहेर बघत होती. डोलवीचे दिवे लागले होते.

घरी आल्याआल्या तिने चूल पेटवली आणि पाण्याचा हंडा ठेवला. रोजची सवय. पाणी बेताचं तापल्यावर ती काडी आणि फडकं घेऊन आत आली. अक्षयने साईराजला चटईवर निजवलं होतं. जनीने त्याच्या पायावरची चादर सारली, पाय मांडीवर घेतला, बोटं फाकवली.

पाय स्वच्छ होता. बेचक्यांत, टाचेच्या भेगेत, घोट्यामागे, कुठेही काही नव्हतं. आक्षीहून निघताना, जनी गाडीत बसली होती तेव्हा, प्रणिताने नळावर धुतले असणार. ढोपरांमागेसुद्धा.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अक्षय प्रणिताला सोडायला निघाला होता.

जनू दारात उभा होता. "गेली व्हती काय सुकती?"

"गेली व्हती."

"लांब?"

तिने साईराजचा पाय चादरीत परत ठेवला. मग बाहेर जाऊन हंडा उतरवला, पायरीवर बसली, आणि तापलेलं पाणी तांब्यातांब्याने स्वतःच्या पायांवर ओतत राहिली. त्यांना चिखल लागलाच नव्हता. ती बाकावरून उठून वाळूत गेलीच नव्हती.