जात्याखालचा सूर

आमच्या धाड गावात लग्नाच्या हळदीचं जातं फिरायला लागलं की ओवी माझ्या थोरल्या जाऊबाईंनीच, अन्नपूर्णाबाईंनीच, धरायची. त्यांची निशिगंधा जन्मापासून मुकी. पण आई दळायला बसली की तिच्या पाठीला टेकून घशातून एक बारीक सूर काढायची. त्याला कोण मेलं गाणं म्हणतंय! आमच्यापैकी एकानंही कधी तिच्यासमोर मोबाइल धरला नाही.

मागच्या वर्षी घरात लग्न निघालं, तेव्हा चिखलीहून जीवन नावाचा पोरगा आला, डिजिटल रेडिओसाठी ओव्या टिपायला. त्यानं माइक जाऊबाईंच्या तोंडाशी नेला. त्या भडकल्याच. "जात्याबिगर ओवी असते काय बे? ठेव तो जात्यापाशी." निशिगंधा नेहमीसारखी त्यांच्या पाठीला टेकलेली होती.

पावसाळ्यात निशिगंधा तापानं गेली. जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांचा एकच धोशा, "तिचा आवाज त्या रेडिओत हाये. मले आयकव."

शेवटी जीवन रेडिओ घेऊन घरी आला. ओवी लागली. जात्याची घरघर, बांगड्या, जाऊबाईंचा गळा, सगळं कसं लख्ख! त्या डब्याला कान लावून बसल्या. ओवी संपली.

"हिच्यात ती कुठं हाये?"

जीवन चाचरला. "मावशी, सगळा आवाज हवेतून पाठवाले जागा पुरत नाई. म्हणून आधी त्याचे आकडे करतात. मोठ्या आवाजाखाली जो बारका आवाज माणसाले आयकूच येत नाई, तो मशीन काढून टाकते. उरलेले आकडे जातात, अन् हा डबा त्याचा परत आवाज करते. जात्याच्या घरघरीखाली तिचा सूर गेला."

"पहिलं टिपलेलं, जसंच्या तसं कुठंय?" मी विचारलं.

"जागा नव्हती. पुसलं."

"आयकू येत नाई?" जाऊबाई म्हणाल्या. "मले तर रोज येत होता."

माइक कुणी कुठे ठेवायला लावला, ते तेवढ्यात त्यांना आठवलं असावं. त्यांचा चेहरा माझ्यानं बघवेना.

त्या उठल्या. जात्यावरचं पोतं काढलं आणि दाणा न घालताच फिरवू लागल्या. रिकामं जातं फिरवू नये, घराला बाधतं. एरवी मीच ओरडले असते.

"बाई, थांबा," मी हळूच म्हणाले.

त्यांनी हात थांबवला, क्षणभर कान दिला आणि पुन्हा खुंटा धरला.

"बंद केलं का काईच नाई. फिरवलं का वाटते, खाली हाये."

मी समोर बसले आणि खुंट्याला हात लावला.