‘लाजू नका’ असं लिहिलेला फळा

मित्रांनो, वसईजवळच्या वटार गावातल्या वाचनालयात दाराआड भिंतीकडे तोंड करून उभा केलेला जो फळा आहे, तो मी. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार नाही. जे आहे तेही नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

बॅप्टिस्ट सुताराने फणसाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला काळे केले आणि दारापाशी टांगले. माझ्यावर केळ्यांचे भाव लिहिले जात, कुणी वारले तर अंत्ययात्रेची वेळ लिहिली जात. सायंकाळी ओल्या फडक्याने सगळे पुसले जाई. मला त्याचे वाईट वाटत नसे. पुसले जाणे हेच फळ्याचे काम, असे मी समजत होतो.

वाचनालय काशिनाथ मास्तर सांभाळत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला, कुणाच्या डोळ्यांकडे न बघता बोलणारा तो माणूस. बारावीचा निकाल लागला की गावातली मुले कॉलेजचे माहितीपत्रक घेऊन त्यांच्याकडे येत आणि ते शब्द बघून बावरून जात. मास्तर स्वतः कॉलेजात गेले नव्हते. तरी ते कोश उघडून बसत आणि जून महिन्यात रोज एक शब्द माझ्यावर लिहीत. ‘फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी एक.’ ‘एफ.वाय. म्हणजे पदवीचे पहिले वर्ष.’ ‘टर्म म्हणजे सत्र. वर्षात दोन.’

पेपर वाचायला येणारा आलोशियस चष्मा वर करून म्हणे, “मास्तर, आमचा जुना पाद्री चर्चमध्ये लॅटिनमधून मिस्साची प्रार्थना सांगायचा, ते यापेक्षा सोपं वाटायचं.”

मास्तर हसत. त्या दिवसांत माझी छाती फुगलेली असे.

१९८० सालच्या जूनमध्ये तुळशीदासांची प्रेमलता बारावी पास झाली. त्यांची केळीची आणि कागड्याच्या फुलांची वाडी होती. त्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. वडिलांनी वाचनालयाच्या पायरीवरच तिला बजावले होते, “एक वरीस. पास झालीस तर पुढं बघू. नायतर आगाशीचं स्थळ आहेच.”

ती रोज येई, डोक्यावरची पाटी पायरीवर ठेवी आणि माझ्यावरचा शब्द वहीत उतरवून घेई.

एके दिवशी मास्तरांनी लिहायला घेतले, ‘टर्म ग्रँट होणे म्हणजे सत्रात पुरेशी हजेरी भरणे. हजेरी कमी पडल्यास परीक्षेला’ आणि खडू थांबला. बसू देत नाहीत, की दंड घेऊन बसू देतात? मास्तरांना खात्री नव्हती. आपण चुकीचे लिहिले आणि एखाद्या बापाने मुलीला पाठवलेच नाही तर? त्यांनी फडके घेतले आणि सगळे पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी प्रेमलता म्हणाली, “मास्तर, काल संध्याकाळी लांबून बघितलं, ‘टर्म ग्रँट’ असं काहीतरी होतं इथे. आता नाही.”

“नक्की नव्हतं ते. वसईला कॉलेजात जाऊन विचारतो. नक्की झालं की लिहीन.”

तिने वहीत ‘टर्म ग्रँट’ एवढेच लिहिले आणि पुढच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

शनिवारी मास्तर एस.टी.ने वसईला जाऊन आले.

“विचारलंत?” आलोशियसने विचारले.

“खिडकीशी गर्दी होती.”

“तुमच्या पुढे एक माणूस असला तरी तुम्हाला गर्दी वाटते, मास्तर.”

पुढे पाऊस झाला, गणपती झाले, नवे शब्द आले. त्या दोन ओळी तशाच राहिल्या.

दिवाळीनंतर कागड्याला कळी लागली आणि प्रेमलताची आई सुभद्रा पाय मोडून अंथरुणावर पडली. कळ्या उन्हाआधी खुडायच्या, आणि कॉलेजही सकाळचेच. प्रेमलता वाडीत राबू लागली. दुपारी मात्र ती पुस्तके घेऊन वाचनालयात येई आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसून अभ्यास करी. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. असा अभ्यास मी कुणाचा पाहिला नाही.

एकदा मास्तरांनी चाचरत विचारले, “कॉलेज?”

“कळी संपली की जाणार. बाबा म्हणतात, नाव लागलंय, आता अभ्यास घरी केला काय नि तिथे केला काय. दिवाकरकाका नाही का बाहेरून मॅट्रिक झाले? दांडी मारली म्हणून कुणी विचारलं त्यांना?”

मास्तर उठले. खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा हात वर आला. मित्रांनो, मला आवाज असता तर मी ओरडलो असतो. “नक्की नाही,” ते स्वतःशीच पुटपुटले, आणि खडू परत डबीत गेला.

मार्चमध्ये ती भर दुपारी आली. पाटी नव्हती, पुस्तके नव्हती. फक्त वही होती.

“मास्तर, माझी टर्म ग्रँट नाही झाली. परीक्षेला बसू देत नाहीत.” तिने वही उघडून कोऱ्या ओळींवर बोट ठेवले. “इथे काय लिहायचं होतं, तेवढं सांगा. वही अपुरी नको राहायला.”

मास्तरांनी सांगितले. तिने पेन्सिलीने लिहून घेतले, वही मिटली आणि गेली. मे महिन्यात आगाशीला तिचे लग्न लागले.

ती सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बॅप्टिस्टकडून खिडक्यांचा पांढरा तैलरंग आणला. माझ्या अंगभर मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिले, ‘टर्म ग्रँट होणे म्हणजे सत्रात पुरेशी हजेरी भरणे. हजेरी कमी पडल्यास परीक्षेला बसू देत नाहीत. किती लागते ते कॉलेजात विचारा. लाजू नका.’

वाचनालयाची मंडळी चिडली. आता भाव कुठे लिहायचे, अंत्ययात्रेची वेळ कुठे लिहायची? माझ्या जागी नवा फळा आला आणि मी दाराआड गेलो. आता माझ्या तोंडासमोर ओलसर भिंत आहे. पाठीला वाळवी लागली आहे.

चार-पाच वर्षांनी प्रेमलता माहेरी आली होती. कडेवर मुलगी होती. तिने मला एका हाताने वळवले आणि सगळे वाचले, शेवटच्या शब्दापर्यंत.

“अक्षर सुरेख आहे तुमचं, मास्तर,” ती म्हणाली.

मास्तर कपाटाकडे वळले आणि पुसलेलीच पुस्तके पुन्हा पुसत राहिले.

मित्रांनो, मला पुन्हा काळे करा, असे मी म्हणत नाही. भिंतीवरची ती जागाही मला नको. जून आला, निकाल लागले, की तेवढे मला एकदा उजेडाकडे वळवा. तुमच्या वहीत एखादी ओळ कोरी राहिली असेल, तर ती कुणी भरून देईल म्हणून थांबू नका. खिडकीपाशी जा. गर्दी असली तरी उभे राहा.