पोपटशेठ आणि पाच किलोचे खरे वजन

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. दुकानाच्या भाषेत मला पाच किलोचे वजन म्हणतात. माझ्या पोटात शिसे आहे, पाठीवर सरकारी शिक्का आहे आणि डोक्यावर पकडायला दांडी आहे. सध्या माझा मुक्काम बेल्ह्याला, पोपटलाल शेठजींच्या माडीवर असतो. इथवर मी कसा चढलो, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म ओतशाळेतल्या भट्टीत झाला. तिथला ताप मी सोसला, म्हणून पुढे माणसांच्या तापाचे मला फारसे कौतुक वाटले नाही. पोपटशेठने मला दुकानात आणले तेव्हा ते ऐन तरुण होते. आमचे दुकान किराण्याचे आणि जनावरांच्या पेंडीचे. आठवडे बाजाराच्या दिवशी टेम्पोतून बैल उतरत, मोटारसायकलींवरून व्यापारी येत आणि आमच्या दारात पाय ठेवायला जागा उरत नसे. शेठजी एका हाताने मला उचलून पारड्यात टाकत आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता परत उचलून ठेवत. "शेठच्या काट्यावर डोळे मिटून माल घ्यावा," असे लोक म्हणत. गावात शेठजींचे वजन होते, आणि खरे सांगायचे तर ते वजन मी होतो!

पण गरज सरो आणि वैद्य मरो. शेठजींचा मुलगा कल्पेश मोठा झाला आणि त्याने इलेक्ट्रॉनिक काटा आणला. त्यावर लाल आकडे लुकलुकत. मला माडीच्या दाराशी बसवले, कारण ते दार वाऱ्याने आपटायचे. एके काळी अख्खा बाजार तोलणारा मी, आता दार धरून बसलो. मला फार वाईट वाटले. पण लोखंडाला रडता येत नाही, नुसता गंज चढतो.

अशी काही वर्षे गेली आणि स्वाइन फ्लूची साथ आली. पुण्यात शाळा बंद झाल्या. नेमके त्याच वेळी शेठजी मालासाठी पुण्याला जाऊन आले आणि शिंकू लागले. मग ताप चढला. डॉक्टरांनी औषध दिले आणि बजावले, "मी सांगेपर्यंत माडीवरून खाली उतरायचं नाही." शेठजींना साखरेचा आजार, त्यामुळे घरातले सगळेच घाबरले. त्यांच्या पत्नी सज्जनबाईंनी जेवणाचे ताट उंबऱ्याशी ठेवायला सुरुवात केली. मास्क मात्र विकत आणावा लागला नाही. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसताना जैन माणसे तोंडावर मुहपत्ती बांधतात, तीच शेठजींनी बांधली. "लोकांना आज सुचलं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे," असे ते मोठ्या ऐटीत म्हणाले.

ताप लवकरच उतरला. खरा आजार त्यानंतर सुरू झाला. सुरुवातीला शेठजी वरूनच दुकान चालवत. "कल्पेश, गुळावर झाकण घाल! कल्पेश, ते गिऱ्हाईक ओळखीचं आहे, त्याला बसायला दे!" कल्पेशच्या डोक्याला मुंग्या आल्या. मग शेठजी दिवसभर टीव्हीवरच्या साथीच्या बातम्या बघू लागले आणि स्वतःचीच नाडी धरून बसू लागले. हळूहळू तेही थांबले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ताटातली भाकरी तशीच परत जाई. दाराबाहेर सज्जनबाई पदराने डोळे टिपत. "अहो, काहीतरी बोला. निदान ओरडा तरी माझ्यावर," त्या म्हणत. बोलका माणूस मुका झाला होता. मला त्यांची मनापासून दया आली, पण मी दाराशिवाय काय धरू शकणार?

एका दुपारी शेठजी पाणी घ्यायला उठले आणि त्यांचा अंगठा माझ्यावर आपटला. काय ती किंकाळी! संतापाने त्यांनी माझी दांडी धरली. मला खिडकीतून भिरकावून द्यायचा त्यांचा विचार होता. पण मी गुडघ्याच्या वर येईना. शेठजींनी दोन्ही हात लावले, तरी कमरेपाशीच अडकलो. ते धापा टाकू लागले. आणि मग त्यांनी माझ्यासाठी असा शब्द वापरला, की माझ्या पोटातले शिसे हलले.

"कल्पेश! हे वजन खोटं आहे!"

खालून कल्पेश धावत गॅलरीखाली आला.

"अरे, हे जड आहे. पाचाच्या वर आहे. म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या बेल्ह्याला फुकट पेंड खाऊ घातली की काय?"

त्यांनी मला बादलीत घातले आणि दोरीने गॅलरीतून खाली सोडले. मी हेलकावे खात निघालो. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. खाली बाजाराला आलेले सावळाराम उभे होते, शेठजींचे जुने गिऱ्हाईक आणि मित्र. त्यांनी बादली झेलली. सज्जनबाईंनी मला औषधाच्या पाण्याने अंघोळ घातली आणि कल्पेशने मला त्या लाल आकड्यांच्या काट्यावर ठेवले. माझ्या सवतीच्या मांडीवरच म्हणा ना! मी जीव मुठीत धरून बसलो. मी खोटा ठरलो असतो, तर माझी सारी हयात खोटी ठरली असती.

"पप्पा, बरोबर पाच किलो," कल्पेश ओरडला.

सावळारामांनी वर पाहिले. "शेठ, वजन खरं हाय राव. मनगट खोटं झालंय तुमचं!"

गल्ली हसली. मग वरून शेठजींचा आवाज आला, "पाठवा त्याला वर."

सज्जनबाईंनी आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हळूहळू करू द्या, दम लागला की थांबायचं." त्या दिवसापासून शेठजी सकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले आणि मला उचलू लागले. टीव्ही बंद झाला. मी आधी कमरेवर, मग छातीपर्यंत पोहोचलो. भाकरी पोटात जाऊ लागली, झोप लागू लागली. सावळाराम बाजाराला आले की लांब उभे राहून ओरडत, "शेठ, श्वास सोडा की! आन् आमच्या बैलाचं काय झालं, ऐका." बैलाची गोष्ट कधीच संपत नसे आणि शेठजींना ती संपायला नकोच असे.

डॉक्टरांनी मोकळे केले, तेव्हा पर्युषण संपत आले होते. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन माणसे वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात. शेठजी हात जोडून सगळ्यांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. सावळाराम म्हणाले, "आमचं बी तसंच बरं का!" मग शेठजी माडी चढून आले आणि माझ्यासमोर वाकले.

"मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले.

"अहो, त्याला कुठं जीव आहे?" सज्जनबाई हसल्या.

"जीव नसेल. पण त्याला मी खोटं म्हटलं, आणि ते खरं निघालं."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदाच पाच किलोपेक्षा हलका झालो. तुमच्यावर कधी घरात कोंडून घ्यायची वेळ आली, तर भिंतीशी बोलू नका, खिडकीतून माणसांशी बोला. पाय हलवा, हात हलवा. आणि घरातल्या एखाद्या जुन्या ठोकळ्याची ठेच लागली, तर खुशाल शिव्या द्या, पण खोटा म्हणण्याआधी त्याला एकदा उचलून बघा.