सहावी चमक

माघातले सुवर्णपिंगट गवत वाऱ्यावर लवत होते, लवून पुन्हा उठत होते. त्या गवतापल्याड, पूर्वेच्या धूसर निळाईत, शहर पसरले होते. इतके जवळ, की त्याचे मनोरे दिसावेत. इतके दूर, की तिथला एकही डॉक्टर या सात घरांच्या धनगरवाड्यावर कधी चढला नव्हता.

दुपारी फुलाला कळा सुरू झाल्या. "माझ्या हातचं न्हाई ह्ये," सुईण म्हणाली. घोंगडीच्या डोलीत घालून चौघे गडी तिला घेऊन डोंगर उतरले. पुढच्या खांद्याला तिचा नवरा, म्हाकू. त्याची आई ठकूबाई डोंगराच्या धारेवर उभी राहिली. उभीच राहिली.

वाड्याची रीत जुनी होती. खाली सडकेच्या वळणावर पोचलेल्यांनी उन्हात आरसा धरायचा. जितके जीव सुखरूप, तितक्या चमका. त्या दिसेपर्यंत वर एकही चूल पेटायची नाही. मोबाइलला इथे रेंज नव्हती, उन्हाला होती.

पण ऊन कलत होते. डोंगराची जांभळी, मंदगामिनी सावली उतारावरून वळणाकडे निघाली होती. ठकूबाईचा जीव टांगणीला लागला.

आणि चमकले! "पोचली गं फुला! पेटवा चुली!" तिने हाळी दिली. सात छपरांतून धूर निघाला. ती मोजू लागली. चार, पाच, नऊ, पंधरा... मोजता येईनात. ते वळण नव्हतेच. शहरातल्या नव्या, काचमंडित इमारतींवर उतरते ऊन पेटले होते.

रीत मोडली, आणि आपल्याच तोंडाने मोडली. "इझवा गं बायांनो, चुकलं माजं!" म्हणत तिने आपल्या चुलीवर घागर ओतली. कुणी तिला शब्दाने दुखवले नाही. घरोघर पाणी पडले, ओल्या राखेचा वास दरवळला. मग साऱ्या बाया धारेवर येऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

सावली वळणाला टेकणार, तोच खाली काहीतरी लकाकले. एक. ठकूबाईने पदर तोंडात धरला. दोन. तीन. चार.

मग काहीच नाही.

चौघे गडी. फक्त चौघे.

पाच.

"आली गं फुला!" बाया ओरडल्या, रडल्या, घराकडे वळल्या. ठकूबाई हलली नाही. आणि उन्हाच्या उरल्यासुरल्या काठावरून, इवलीशी, कापरी, वेडीवाकडी, सहावी चमक आली.

ती चुलीपाशी बसली. ओल्या राखेवर काटक्या धरेनात. ती फुंकत होती, रडत होती, आणि पुन्हा फुंकत होती.