एक घाव कमी

मी एक जुनी हातोडी आहे. डोके पोलादाचे, दांडा चिवट लाकडाचा आणि स्वभाव संशयी. मित्रांनो, हसू नका. जिचे सारे आयुष्य खिळ्यांच्या डोक्यांवर आपटण्यात गेले, ती कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. खिळा सरळ दिसतो आणि अर्ध्यात वाकतो. फळी कोरडी दिसते आणि आतून कुजलेली निघते.

मला घडवणाऱ्यांची तोंडे मला आठवत नाहीत. आठवतो तो बर्टन कॉर्कमचा हात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, होड्या बांधणाऱ्यांच्या आमच्या गावात, त्याने मला दुकानातून उचलले, दोनदा तोलले आणि म्हणाला, "ही चालेल." तेव्हा तो वीस वर्षांचा होता. होडीत खिळा सैल राहिला तर समुद्र आत येतो, म्हणून बर्टन खिळा लाकडात रुतेपर्यंत ठोकायचा आणि वर आणखी एक घाव घालायचा. त्या जादा घावाचे गावात भारी कौतुक होते. ते कौतुक माझेच आहे, असे मी धरून चालले होते.

मग लोक फायबरच्या होड्या घेऊ लागले. मी तळघरातल्या पेटीत जाऊन पडले आणि माझ्यावर गंज चढला. त्या वर्षांबद्दल मी फार बोलत नाही.

यंदा मे महिन्यात पेटी उघडली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. बर्टन आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याचा उजवा खांदा दुखरा होता. कॉर्कमांच्या घराची भिंत लाकडी फळ्यांची, आणि खाऱ्या वाऱ्यात तिचा रंग तीन वर्षेही टिकत नाही. मागच्या सप्टेंबरात रंग देताना तो शिडीवरून पडला होता. तेव्हापासून त्याची मुलगी जॅनेट हॅलिफॅक्सहून सारखी फोन करत होती. तिने आईवडिलांसाठी शहरात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये येते, घर बघते, मग ठरवू, असे ती म्हणाली.

"ठरवू म्हणजे तिने ठरवलंय," बर्टन बायकोला, एल्वाला म्हणाला. "मी भिंतच अशी करतो की पुन्हा रंग लावायला नको. मग बघू कसं घराबाहेर काढते ते."

अंगणात लांबलचक खोकी आली. आत जुन्या फळ्यांवर बसवायच्या व्हिनाइल प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, पांढऱ्या आणि हलक्या. खालून वर जायचे, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या खोबणीत अडकवायची आणि तिच्या वरच्या काठावरच्या लांबट भोकांतून भिंतीत खिळे मारायचे. ते ना लाकूड, ना पत्रा. मी पहिला घाव घातला तेव्हा आवाज पोकळ आला, आणि मी मनातल्या मनात नाक मुरडले.

खोक्यातला कागद एल्वाने चष्मा लावून वाचला. "खिळा भोकाच्या मधोमध मारा. घट्ट ठोकू नका. डोक्याखाली नाण्याच्या जाडीइतकी जागा ठेवा."

"का म्हणे?"

"उन्हात पट्टी वाढते, थंडीत आखडते."

"वा रे वा! सैल ठोका, म्हणजे पहिल्याच वादळात उडेल आणि यांची नवी खोकी खपतील. इथेच पाणी मुरतंय, एल्वा."

मला त्याचे म्हणणे अगदी पटले.

कुंपणापलीकडून शेजारच्या लॉर्न हिमलमननेही तेच सांगितले. "बर्टन, घट्ट नको रे ठोकूस. होडी नाहीये ती!" आता, लॉर्नने तीस वर्षांपूर्वी कुंपण दोन फूट आमच्या बाजूला सरकवले, असा बर्टनचा पक्का संशय. असा माणूस फुकट सल्ला देतो म्हटल्यावर आम्ही दोघांनी खिळे आणखी जोरात ठोकले.

पहिली भिंत पुरी व्हायच्या आत खांद्याने संप केला. बर्टन दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन पडला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंतचा तुकडा एल्वाने लावला. मित्रांनो, तिच्या हातात मला लाज वाटत होती. बोटाला जपत ती हलके घाव घालायची आणि खिळ्याचे डोके जरासे बाहेर असतानाच थांबायची. "मी नंतर नीट ठोकतो," बर्टन म्हणाला. पण उरलेल्या भिंतींच्या घाईत ते राहून गेले.

जुलैअखेर कडक ऊन पडले. एका दुपारी भिंत कुरकुरू लागली. बर्टन चहाचा कप तसाच ठेवून बाहेर धावला. पट्ट्या फुगल्या होत्या. सपाट भिंतीला सुरकुत्या पडल्या होत्या. जॅनेट यायला नऊ दिवस उरले होते.

बर्टनने भिंतीकडे पाहिले आणि वळून लॉर्नच्या घराकडे पाहिले. तिथल्या नव्या खिडक्यांच्या काचांवरून उन्हाचा झोत सरळ आमच्या भिंतीवर येत होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लॉर्न! बाहेर ये! तुझ्या काचांनी माझी भिंत भाजून काढलीय!"

लॉर्न आला. तो हसला नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. "किती घट्ट ठोकलंस?" त्याने विचारले.

"मला शिकवू नकोस! आधी कुंपण, आता ऊन. मी इथून गेलेलाच हवाय ना तुला?"

"तू गेलास तर मी भांडू कुणाशी?"

"बर्टन," एल्वा खिडकीपाशी उभी होती. "इकडे ये आधी. काच इथेही चमकतेय ना? मग हा तुकडा का नाही फुगला?"

बर्टन जवळ गेला. एल्वाने पट्टी दोन्ही हातांनी धरून डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. पट्टी मुकाट्याने सरकली.

"हे मी ठोकलंय," ती म्हणाली. "जोर पुरला नाही म्हणून सैल राहिलं."

बर्टनने शेजारची, आम्ही ठोकलेली पट्टी सरकवून पाहिली; ती जागची हलेना. फुगलेल्या प्रत्येक पट्टीवर माझा घाव होता, आणि मी जन्मभर कौतुक करून घेतलेला तो जादा घावच घराच्या मुळावर आला होता. मला फार वाईट वाटले.

एकट्याने एवढे खिळे सैल करणे त्या खांद्याला शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्टन कुंपणापाशी जाऊन खाकरला. "लॉर्न, मला मदत लागेल."

लॉर्नने टोपी काढली. "येतो. आणि कुंपण मी सरकवलं होतं. पण दोन फूट नाही, एकच."

"मला माहीत होतं!" बर्टन ओरडला. इतका आनंदलेला मी त्याला कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

लॉर्न आकड्यासारखे एक हत्यार घेऊन आला. त्याने पट्टीची खोबण सुटायची आणि मी माझ्या मागच्या दोन नखांनी खिळा जरासा उपसायचे. एकेक पट्टी सुस्कारा सोडून सपाट होत गेली. तरी जॅनेट आली तेव्हा वरच्या दोन ओळी राहिल्याच होत्या. लॉर्न शिडीवर होता, एल्वा शिडी धरून होती आणि बर्टन उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत होता.

"बाबा, तू खाली कसा?" जॅनेटने विचारले.

"मी चुकलो, जॅनेट. सगळं घट्ट ठोकून बसलो. म्हणून लॉर्नला बोलावलं."

जॅनेट बापाकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "मला भिंतीची काळजी नव्हती रे बाबा. तू पडून राहशील आणि कुणाला हाकसुद्धा मारणार नाहीस, याची होती." तिने जाकीट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकले. "त्या खोल्या नको म्हणून कळवते. द्या, ती हातोडी माझ्याकडे द्या."

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी हातोडी असेल तर तिला कोरडी ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि काम करताना तिला वेळेवर आवरा. मला अजूनही शेवटचा एक घाव घालावासा वाटतोच. त्या दिवशी जॅनेटने तो मला घालू दिला नाही.