शेणव्याच्या घराचे दोन उतारे

नम्रतानं घर मोजायला घेतलं तेव्हा गिरजाबाई ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. मोबाईलवर विक्रीची जाहिरात टाकायची तर घर किती बाय किती ते लिहावं लागतं, असं नम्रताचं म्हणणं होतं. ती शहापूरच्या शाळेत शिक्षिका. शनिवारी शाळा सुटल्यावर टेप घेऊन थेट शेणव्याला आली होती. आईला शहापूरला न्यायचं आणि घर विकून टाकायचं हे दिवाळीतच ठरलं होतं. गिरजाबाईंचे गुडघे आता चढ-उतार मानत नव्हते. उपकेंद्रात नर्स म्हणून बावीस वर्षं त्या याच गावात हिंडल्या, पण निवृत्त होऊन वर्ष झालं आणि पायांनीही निवृत्ती घेतली.

घर सोडण्याचं त्यांना फार वाईट वाटत नव्हतं. नवरा गेल्यावर दहा वर्षांच्या नम्रताला घेऊन त्या इथं बदलीवर आल्या आणि मिळालं ते घर घेतलं. घरात राहायचं असतं, त्याचा विचार कसला करायचा, असं त्यांना वाटे.

"आई, बाहेरून पस्तीस फूट भरतं," नम्रता आतून म्हणाली. "पुढची खोली पंधरा आणि स्वयंपाकघर साडेचौदा. मग साडेपाच फूट गेले कुठे?"

"भिंती नाहीत का?"

"बाहेरच्या दोन्ही भिंतींचे मिळून अडीच धर. तरी तीन उरतात. मधली भिंत तीन फुटांची कोण बांधतं?"

गिरजाबाई उठून आत आल्या. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार खोल होतं हे त्यांना ठाऊक होतं. चौकटीच्या आतल्या बाजूला त्यांनी फळी ठोकून डबे ठेवले होते. जुन्या घराची भिंत जाड असते, एवढंच त्यांनी आजवर मनाशी धरलं होतं. नम्रतानं बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली. दाराजवळ ती भरीव वाजली, हातभर पुढं गेल्यावर पोकळ.

मग नम्रता शिडी लावून माळ्यावर चढली. एक फळी सैल होती, ती उचलून तिनं मोबाईलचा उजेड आत टाकला.

"दोन भिंती आहेत गं," ती वरून म्हणाली. "मध्ये दीड फूट मोकळं. एका भिंतीला आतून चुना लावलाय, दुसरीच्या विटा तशाच उघड्या."

"दिसणार नाही तिथं चुना कशाला लावला?"

"आधी ती बाहेरची भिंत असेल. दुसरी नंतर उभी केली असणार."

गिरजाबाईंनी खाली शिडी धरली होती. गावातल्या म्हाताऱ्या बायका या घराला कधी 'वरचं घर' म्हणत, कधी 'खालचं घर'. एकाच घराला दोन नावं का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुणाला कितवा महिना लागला, कुणाचं बाळ पायाळू जन्मलं, हे साऱ्या गावाचं त्यांना तोंडपाठ होतं, आणि राहत्या घराची एवढीही माहिती नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांचं सगळं लक्ष त्या दाराकडे होतं.

सोमवारी गिरजाबाई घराचा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेल्या. तिथल्या मुलीनं संगणकावर पाहिलं आणि विचारलं, "बाई, दोन्ही काढू?"

"दोन्ही म्हणजे?"

"घर नंबर एकशे चौदा तुमच्या नावावर आहे. एकशे चौदा अ सुदाम विशे आणि पत्नी जना सुदाम विशे यांच्या नावावर. जागा तीच. घरपट्टी दोन्हींची तुम्हीच भरत आलात."

पावत्या गिरजाबाई दरवर्षी जपून ठेवत, पण त्यावरचं नाव त्यांनी कधी वाचलं नव्हतं. नकाशावर बोट ठेवून त्या मुलीनं दाखवलं. स्वयंपाकघराचा भाग त्यांचा नव्हता.

घर त्यांना विकलं होतं भगीरथ विशेंच्या मुलानं, गोमानं. तो आता कल्याणला असतो. त्याला फोन लावला तर तो खरंच गडबडला. "काकीचं नाव अजून आहे? आमच्या आप्पांनी सांगितलेलं, सुदामकाकानं त्याचा भाग त्यांना दिला म्हणून. कागदबिगद काय झाला नसेल बाई. तुम्हाला फसवायचं नव्हतं मला." सुदाम केव्हाच वारला होता. जनाबाई मुलाकडे, धसईला. मुलगा बुधू बाजाराजवळ पिठाची गिरणी चालवतो, एवढं गोमानं सांगितलं.

"तिच्याकडून हक्कसोडपत्र घे, म्हणजे झालं," नम्रता फोनवर म्हणाली. "तू सगळ्या घराचे पैसे मोजलेत. फार बोलत बसू नको. सही हवी, एवढंच सांग."

गिरजाबाई बरं म्हणाल्या. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून धसई, असा प्रवास करताना त्यांना गुडघ्यांची फारशी आठवण झाली नाही. कुणी दोन भिंती घातल्या असतील, आणि का, हेच डोक्यात होतं.

गिरणी लगेच सापडली. बुधू चाळिशीचा, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला. त्यानं मागच्या घरात आईकडे नेलं. जनाबाई सत्तरीला टेकलेल्या, बारीक अंगाच्या, सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"शेणव्याच्या नर्सबाई का तुमी? नाव ऐकून हाय मी. बसा."

गिरजाबाई बसल्या. पिशवीतला उतारा बाहेर काढण्याऐवजी त्यांनी विचारलं, "जनाबाई, त्या घरात दोन भिंती का आहेत?"

जनाबाईंनी सूप खाली ठेवलं. "दिसल्या तुमाला?"

"मुलीनं माळ्यावरून पाहिल्या."

"दोगा भावांचं भांडान झालं. एक बोल्ला, मी मदी भिंत घालतो. माजा नवरा बोल्ला, तुज्या भिंतीत माजा खिळा पन नको, मी माजी येगळी घालतो. आनि घातली."

"भांडण कशावरून?"

"खरं सांगू बाय? नाय आठवत. लय येळा आठवून पाह्यलं. बैलाच्या दाव्यावरनं कायतरी निघालं होतं. पन दाव्यासाठी कोन भिंत घालतं? त्याच्या आदीचं कायतरी असंल."

"आणि दार?"

"दार आमी पाडलं. मी आनि माज्या जावंनं, चिमीनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बुधूच्या वेळी दिवस भरले होते. सुदाम शहापूरला गेलेला. सकाळीच कळा सुरू झाल्या. त्या हाका मारत होत्या, पण दोन भिंतींपलीकडे चिमीला काही ऐकू गेलं नाही. उन्हं वर आली तरी जनाच्या कौलांतून धूर निघत नाही, हे चिमीनं अंगणातून पाहिलं आणि ती घराला वळसा घालून धावत आली. तोवर मूल अर्धं बाहेर होतं, नाळ गळ्याभोवती.

"नाळ कुणी सोडवली?" गिरजाबाईंनी लगेच विचारलं.

"चिमीनंच. तिनं कधी केलं नव्हतं. तिनं ती नाळ डोक्यावरनं काडली, टोपी काडतात तशी."

"बरोबर केलं," गिरजाबाई म्हणाल्या.

"बारसं झालं आनि दोन दिवसांनी दोगं भाऊ भात घेऊन हिकडं धसईच्या बाजाराला आले. येगयेगळ्या गाड्यांतनं. ते वळणावर गेले, तशी चिमी पहार घेऊन आली. तिनं तिकडनं पाडली, मी हिकडनं. ओली बाळंतीण मी, पन पाडली. दुपारपत्तुर वाकून जाता येईल एवढं भगदाड पडलं."

"मग ते आल्यावर?"

"माजा नवरा जेवाय बसला. त्याला भगदाडातनं पलीकडं भाऊ जेवताना दिसत होता. दुसऱ्या दिशी भगीरथभाऊंनी इटा आनल्या आनि कडा बांदून घेतल्या. चौकट सुदामानं आनली. बोलाय लागाय अजून दोन वर्सं गेली त्यांना."

बुधू दारात उभा राहून ऐकत होता. "मला हे माहीतच नव्हतं आये," तो म्हणाला.

"तू कदी इचारलंस?"

गिरजाबाईंनी उतारा काढला आणि जे होतं ते सांगितलं. घर विकायचं आहे, पण अर्धं तुमचं निघालं. मी गोमाला पैसे दिले ते सगळ्या घराचे समजून. जनाबाईंनी त्यांना नाव दोनदा वाचून दाखवायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "हिकडं धसईला आलो तवा सुदामानं त्याचा भाग भावाला तोंडानं दिला होता. दिलं ते दिलं. मी सई करीन. पन आदी मला घर दाकवा. पस्तीस वर्सांत पाय ठेवला नाय मी तितं."

पुढच्या गुरुवारी बुधूनं आईला मोटरसायकलवरून शेणव्याला सोडलं. जनाबाई एका दिवसासाठी आल्या आणि तीन दिवस राहिल्या. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. फणस कुणी तोडला? न्हाणी इकडून तिकडे कधी गेली? रात्री तुमी कुठल्या अंगाला डोकं करून निजता? गिरजाबाई सांगायच्या आणि उलट विचारायच्या. चूल नेमकी कुठं होती, हे दोघींनी मिळून जमिनीवर खडूनं आखलं. मग जनाबाईंनी विचारलं, "आनि माज्या खोलीत काय करायच्या तुमी?"

"स्वयंपाक. आणि बायका यायच्या. उपकेंद्रात जे बोलता येत नाही ते बोलायला. संध्याकाळी मागच्या दारानं यायच्या, चहा टाकायच्या स्वतःच. किती जणींना मी दिवस गेल्याचं याच खोलीत सांगितलं, मोजलं नाही."

जनाबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि खोलीवरून नव्यानं नजर फिरवली. "म्हंजे भरलेली होती," त्या म्हणाल्या.

शनिवारी नम्रता आली तेव्हा दोघी माळ्याची फळी उचलून आत डोकावत होत्या. शिडीच्या वरच्या पायरीवर जनाबाई, खालच्या पायरीवर आई.

"गुडघे कुठं गेले?" तिनं आईला विचारलं.

चहा घेताना गिरजाबाई म्हणाल्या, "नमू, मी विचार करतेय. राहू का इथंच?" त्यांनी हे खरंच विचारलं होतं. या पंधरा दिवसांत घर त्यांना पहिल्यांदा दिसलं होतं आणि त्यांना अजून बरंच पाहायचं होतं.

नम्रता काही बोलायच्या आत जनाबाई म्हणाल्या, "पाय दुकतात ना तुमचे?"

"दुखतात."

"हापशाचं पानी कोन आनतं?"

"शेजारची पोर आणते."

"मंग? घराचं काय ऐकायचं तर ऐकून घेतलं आता. मी हे घर सोडलं तवा मागं त्याचं काय झालं ते सांगाय मला कोनी नव्हतं, म्हनून एवडी वर्सं ते मनात येत होतं."

गिरजाबाईंनी कप खाली ठेवला. "विकायचं," त्या म्हणाल्या. "पण हक्कसोड नको. कागदावर विकणाऱ्या दोघी लिहायच्या. मीही आणि याही."

"आई, तू पैसे दिलेत गं."

"दिले. पण ज्याचं नव्हतं त्याला दिले."

जनाबाईंनी पैशाला नको म्हटलं, नम्रतानं वकिलाला विचारलं, बुधूनं सगळं आईवर सोडलं. दोन आठवडे हे चाललं. अखेर जनाबाई चौथ्या हिश्शावर कबूल झाल्या, आणि तेही गिरजाबाईंनी अबोला धरला म्हणून.

घर संदेश आणि कुणाली या नवराबायकोनं घेतलं. दोघं शेणव्याचीच, आजवर भाड्यानं राहत होती. शहापूरच्या निबंधक कार्यालयात जनाबाईंनी सही केली. त्यांना सही येते, हे तेव्हा बुधूलाही पहिल्यांदा कळलं. चिमीनं शिकवली होती, चुलीपुढच्या राखेत.

गिरजाबाई आता शहापूरला नम्रताजवळ, तळमजल्यावर राहतात. भाड्याचं घर, दोन खोल्या. सामान लावून झालं त्या संध्याकाळी समोरच्या वहिनी पाणी कधी येतं ते सांगायला आल्या.

"बसा ना," गिरजाबाई म्हणाल्या. "आमच्या आधी इथं कोण राहायचं?"

"का हो? काही झालं का?"

"काही नाही. नुसतं विचारतेय."

वहिनी उंबऱ्यावर घुटमळल्या, मग चपला काढून आत आल्या. "आधी एक पोस्टातले होते," त्या म्हणाल्या. "त्यांचीही गंमतच आहे."

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली आणि स्वतः पलंगावर नीट मांडी घालून बसल्या.