मुरलेले पाय

मिरचीच्या पथारीवर चप्पल घालून जायचं नसतं, हे नंदुरबारात कुणी कुणाला शिकवत नाही. मोकळ्या माळावर मिरची पसरलेली असते, नजर पोचेल तिथवर लालच लाल, आणि कडेला बायकांच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या असतात. नवीन बाई त्या ओळीत आपली जोडी ठेवते आणि समजते. चपलेखाली मिरची फुटते, बी सांडतं, व्यापारी नाक मुरडतो. म्हणून अनवाणी शिरायचं आणि पाय उचलायचे नाहीत, ओढत न्यायचे. पायाच्या मागे मिरची पालथी होते, खालची ओली बाजू उन्हाला लागते.

रमिलाबाई तर पथारीवर अशी चालायची की बघत राहावं! सरळ रेघ, एका चालीत, मागे नांगरलेल्या शेतासारखी सरी. भूमिका तिची नववीतली लेक. रविवारी शाळा नसली की धानोऱ्याहून रिक्षात आईच्या मांडीवर निम्मी बसून तीही यायची. काम थोडं, तोंड जास्त. पण त्या दिवशी तिनं ठरवलंच होतं, आज आपणही एक पूर्ण पट्टा फिरवायचा.

पट्ट्याच्या मध्यावर पोचेपर्यंत बोटांच्या बेचक्यांत आग शिरली. ती एका पायावर नाचली, मग दुसऱ्या पायावर.

"काय वं भूमिका, लगीन शे का कोनं? नाची ऱ्हायनी!" रिना ओरडली. रिना नवीच लग्न होऊन आलेली, हसायला सदा तयार.

"वहिनी, तुम्हाला नाही का लागत?"

"लागस ना. रातले झोप येत नही. पन तुन्ही मायले इचार."

रमिलाबाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. "मन्हा पाय मुरी गयात," ती चालता चालता म्हणाली. "माले आते मिरची लागसच नही."

लोणचं मुरतं तसे पाय मुरतात, असं पथारीवरच्या बायका म्हणायच्या. पहिल्या हंगामात रडायचं, दुसऱ्यात कण्हायचं, आणि मग एखादीचे पाय मुरायचे. सगळ्यांचे नाही हं! बहुतेकींची टाच जन्मभर चुरचुरायची. रमिलाबाईच्या टाचांना तर बोट जाईल एवढ्या भेगा, आणि तरी ती त्या लाल आगीतून नदीकाठी फिरल्यासारखी फिरायची. मुकादम नवलसिंग नव्या बायकांना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "तिन्हाकडे दखा, आनि मंग रडा." हे ऐकलं की भूमिकाची मान ताठ व्हायची. आईचं कौतुक म्हणजे आपलंच की!

दुपारी बायका कडुलिंबाखाली भाकरीला बसल्या. जेवण झाल्यावर सगळ्यांनी पाय लांब केले. समोर तळव्यांची रांगच लागली, लाल, धुळकट, भेगाळ. आणि भूमिकाला खेळ सुचला. शाळेत मधल्या सुट्टीत पोरी एकमेकींच्या पाठीवर बोटानं अक्षर काढतात आणि ओळखायला लावतात, तोच. तिनं केरसुणीची एक काडी मोडून घेतली.

"डोळे मिटा. मी काडी कुठे लावली ते सांगायचं."

रिना पहिल्याच स्पर्शाला किंचाळून पाय आखडून बसली. नईमाखाला, देठ खुडणाऱ्या बायकांतली सर्वांत म्हातारी, तिनं चष्मा काढून पदरात ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि "अंगठा. एडी. अरी बस कर, गुदगुल्या होती!" म्हणत सगळं बरोबर सांगितलं. बायका खिदळायला लागल्या. एकेकजण पाय पुढे करायला लागली.

"आता माय."

रमिलाबाईनं आढेवेढे घेतले, पण डोळे मिटले. भूमिकानं अंगठ्याखाली काडी टेकवली. मग मधल्या फुगीर भागावर. मग करंगळीपाशी, जरा जोरात. आई शांत बसली होती.

"सुरू कर ना वं. कितली वाट दखाडशी?"

भूमिकाला वाटलं, आई गंमत करतेय. तिनं काडीचं टोक टाचेत रुतवलं. तिथे बारीक खळगा पडला.

"माय, मी कव्हयनी करी ऱ्हायनी."

"चल, खोटारडी!"

रिनाचं हसू थांबलं. नईमाखालानं चष्मा परत नाकावर चढवला आणि पुढे वाकली. रमिलाबाईनं डोळे उघडले तेव्हा काडी अजून तिच्या टाचेत रुतलेली होती, आणि तिला ती दिसत होती. नुसती दिसतच होती.

भूमिकानं आईचा पाय मांडीवर घेतला, पाणी ओतून ओढणीनं पुसला. मिरचीचा लाल थर गेल्यावर टाचेच्या कडेला काळा ठिपका दिसला. बाभळीचा काटा! आत मोडलेला, भोवतालची कातडी पांढरी, ओली. लाल मिरचीत रक्त कुणाला दिसणार?

"कधी लागला गं हा?"

आईला सांगता येईना. काल? परवा? तिनं पाय ओढून लुगड्याखाली घेतला. "काटा शे. निंघी जाई. उठा आते, ऊन चाललं."

"उठायचं नाही!" भूमिका इतक्या मोठ्यानं म्हणाली की ती स्वतःच दचकली. पथारीवर आईला असं कुणी बोललं नव्हतं. नवलसिंगसुद्धा.

आईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. भूमिकाला तो चेहरा नवा होता. आई घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी भूमिकानं शाळा बुडवली आणि दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पायावर बारीक दोरा टेकवून टेकवून पाहिलं, काटा काढला, पट्टी बांधली. साखर वाढलेली निघाली. बरीच. साखरेनं पायाची जाणीव गेली होती. मिरची लागत नव्हती, काटा कळला नव्हता, ते सगळं त्यामुळेच.

"म्हणजे माझे पाय मुरले नाहीत?" रमिलाबाईनं दवाखान्यातली जपून बोलायची मराठी काढली.

"मुरले नाहीत, बाई. त्यांना कळेनासं झालंय." डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या. "सकाळी शेकोटीला तळवे धरता?"

"थंडी ऱ्हास तं धरनाच पडस."

"आता नाही धरायचे. भाजलं तरी कळणार नाही. भेगांची कातडी कशानं काढता?"

"ब्लेडनं," भूमिकानं सांगून टाकलं. "जुन्या."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला असणार. ब्लेड बंद. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या. रोज तळवा बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर लेकीला दाखवायचा. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरात न् कामावर.

"मिरचीवर चप्पल चालत नही," रमिलाबाई म्हणाली.

"मग मिरचीवर चालू नका. जखम चिघळली तर पाय वाचवणं अवघड होतं, बाई."

परतताना रिक्षात आई पायाच्या पट्टीकडेच बघत होती. गोळ्यांचं तिला काही वाटलं नव्हतं, साखरेचंही नाही. पथारी सोडून खुडणीला बसायचं, तेच तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. देठ खुडायला म्हाताऱ्या बसतात, गरोदर बायका बसतात. रमिलाबाई नाही बसत!

"मी कोनले काय सांगू?" घर जवळ आल्यावर ती म्हणाली.

"खरं सांग."

"तुले सोपं शे. तुन्हा पाय जळस."

भूमिकानं गोळ्यांची पुडी आपल्या हातात घेतली आणि उतरताना आईला हात दिला.

जखम कोरडी पडायला लागली तसं डॉक्टरबाईंनी बसून करायच्या कामाला हरकत घेतली नाही. भूमिका त्या रविवारी मुद्दाम सोबत गेली. आई पथारीच्या कडेला आली. चपलांची ओळ समोर होती. ती थांबली. भूमिकाचा जीव टांगणीला लागला. आईचा उजवा हात खाली गेला होता, चपलेच्या पट्ट्याकडे.

"ये वं रमिलाबाई, कव्हयनी वाट दखी ऱ्हायनूत," रिना मधूनच ओरडली. "आमना पट्टा वाकडा चालना!"

रमिलाबाईनं चपलेचा पट्टा घट्ट केला. सैल नाही, घट्ट! सरळ उभी राहिली आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी येत नही. मन्हा पायले काही समजत नही. काटा घुसना तरी समजना नही. साखर शे माले."

पथारीवरचे पाय थांबले. नवलसिंगनं टोपी मागे सारली. मग हातानंच खुडणीच्या सावलीकडे दाखवलं.

नईमाखालानं सरकून जागा केली. रमिलाबाई चपलांसकट बसली, पाय पुढे घेतले, आणि मिरचीची रास ओढली. हात अवघडलेले. देठाबरोबर निम्मी मिरचीही तुटत होती. नईमाखाला बघत राहिली, बघत राहिली, मग म्हणाली, "अरी, मुर्गी छील रही क्या? ऐसे पकड."

ऊन वर आलं. रिना नव्या पोरीला घेऊन पट्टा फिरवत होती आणि पट्टा खरंच वाकडा जात होता. भूमिकानं पाहिलं, आईचे हात खुडत होते पण डोळे पथारीवर होते.

"पाय उचलू नको!" रमिलाबाई एकदम गरजली. "ओढ! ओढ वं, ओढ! डावीकडे जाई ऱ्हायनी तू!"

"सुन लो," नईमाखाला म्हणाली, "ये बैठी-बैठी मुँह से पथारी फिरा रही."

बायका हसल्या. रमिलाबाई हसली नाही. तिला वेळ नव्हता. तो पट्टा सरळ होईपर्यंत ती ओरडत राहिली.

घरी आल्यावर भूमिका दप्तर काढून बसली होती. आईनं पाय धुतले, जुन्या मऊ फडक्यानं बेचक्या पुसल्या, खाटेवर बसली आणि, कुणी न सांगता, दोन्ही तळवे दिव्याकडे केले.

"दख," ती म्हणाली. "नीट दख. घाई करू नको."